आधी पंचनामा

परवा घरातलं इंटरनेट बंद पडलं. मुलीचा परीक्षेचा फॉर्म अर्धवट राहिला म्हणून ती कुरकुरायला लागली, बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि जन्मभराच्या सवयीनं माझा हात राउटरच्या पेटीमागच्या बटणाकडे गेला. बंद करायचं, चालू करायचं, विषय संपला. पण बटणावर बोट ठेवलं आणि थांबलो. खाली वाकून दिवे बघितले. कोणता लागलाय, कोणता विझलाय, त्याचा मोबाइलवर फोटो काढला. मुलगी म्हणाली, "बाबा, फोटो कशाला काढायलात? चालू करा ना."

"आधी पंचनामा," मी म्हणालो आणि माझं मलाच हसू आलं. हे वाक्य माझं नाही, स्वामी मॅडमचं आहे. आमच्या ऑफिसात हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या वाईट प्रसंगी उच्चारलंय, की ते आता माझ्याही तोंडात बसलंय.

परभणीत जिंतूर रोडवरच्या एका इमारतीत, खाली खताचं दुकान आणि वर आम्ही, असं आमचं ऑफिस होतं. जिल्ह्यातल्या हमीभावाच्या खरेदी केंद्रांवर शेतकऱ्यांची ऑनलाइन नोंदणी व्हायची, ती सगळी ज्या सर्व्हरवरून चालायची तो सांभाळायचं कंत्राट आमच्या कंपनीकडे होतं. केंद्रांचे फोन घ्यायचं काम माझं, सर्व्हरचं काम शैलजा स्वामींचं आणि आम्हा दोघांवर ओरडायचं काम कदम साहेबांचं. तिघंही आपापलं काम मन लावून करायचो.

सर्व्हर अडकला की जगात दोनच पंथ उरतात. एक रिस्टार्टवाल्यांचा. त्यात मी, कदम साहेब, पुण्याच्या मुख्य ऑफिसातली सगळी मंडळी आणि बहुतेक मनुष्यजात येते. दुसरा पंथ एकट्या मॅडमचा. त्यांचं म्हणणं असं, की सर्व्हर पडला म्हणजे काहीतरी घडलंय आणि जे घडलंय त्याच्या खुणा तो पडलेला असतो तोवरच जागेवर असतात. रिस्टार्ट केला की गडी ताजातवाना उठतो आणि सगळं विसरून जातो. मग उद्या पुन्हा पडायला मोकळा.

त्या आमच्याकडे रुजू झाल्या त्याच आठवड्यात सर्व्हर अडकला. कदम साहेब केबिनमधून "अरे चालू करा, चालू करा" करत बाहेर आले. मी उठलोच होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "हात लावू नका."

आवाज मोठा नव्हता. पण शाळेत बाईंनी म्हटल्यावर जसा हात आपोआप मागे येतो, तसा माझा आला. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात पदराआड इष्टलिंगाची चांदीची पेटी, हातात डब्याची पिशवी. बाई अजून खुर्चीवर बसल्याही नव्हत्या.

"मॅडम, केंद्रांचे फोन यायलेत," मी म्हणालो.

"यू द्या. गिरामभाऊ, तुमची शेती हाय का?"

"हाय की. पिंगळीला."

"पावसानं पीक आडवं झालं, अन् तलाठी यायच्या आत तुमी त्याच्यावर नांगर घातला. मंग पंचनाम्याला काय दाखवताल?"

मी परत खुर्चीत बसलो. कदम साहेब शेतकऱ्याच्याच घरातले, त्यामुळे दाखला त्यांना नको तितका समजला आणि ते नुसतेच लाल झाले. तोवर मॅडम कामाला लागल्या होत्या. आधी सर्व्हरची लॉग, म्हणजे तो दिवसभर जे जे करतो त्याची त्यानंच लिहिलेली नोंद, बाजूला काढली. मग सर्व्हरच्या पोटात जे अनेक कामकरी एकाच वेळी राबत असतात, त्यातला प्रत्येक जण या क्षणी नेमकं काय करतोय याचं चित्र घेतलं. त्याला थ्रेड डंप म्हणतात. ते घेऊन झालं. थोडं थांबून पुन्हा घेतलं. पुन्हा थांबल्या. शेवटी मीच विचारलं.

"एकदा घेतलं की झालं ना, मॅडम?"

"तुमी जिंतूरच्या स्टँडवर गेलात. एक माणूस खांबाला टेकून उभा हाय. तो अडकलाय का गाडीची वाट बघायलाय, सांगता येतं?"

"न्हाई."

"थोड्या वेळानं बघा. अजून थोड्या वेळानं बघा. दर टायमाला त्याच खांबाला टेकलेला, अन् मधे त्याची गाडी येऊन निघूनबी गेली. मंग जाऊन इचारायचं, बाबा, काय झालं."

सगळ्यात शेवटी यायचा हीप डंप. सर्व्हरच्या डोक्यात त्या घडीला जे काही भरलंय ते सगळंच्या सगळं एका फाइलीत उतरवून घ्यायचं. ही फाइल राक्षसासारखी मोठी असते, उतरायला वेळ घेते, आणि ती उतरत असताना सर्व्हर कुणाच्या हाकेला ओ देत नाही. त्या वेळात केंद्रांवरून जे काही माझ्या आईबापांविषयी ऐकायला मिळायचं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मॅडम शांतपणे पडद्याकडे बघत बसायच्या. अवघड जागा आली की त्यांचा हात पदराआडच्या त्या चांदीच्या पेटीवर जायचा. तो हात तिथं गेला की आपण तोंड बंद ठेवायचं, हे मी लवकरच शिकलो.

बाकी बाई खडूस नव्हत्या. डब्यात ज्वारीची भाकरी, कारळाची चटणी, कधी दही-धपाटे, आणि त्यातलं निम्मं माझ्या ताटलीत. सोमवारी मात्र कडक उपास. संध्याकाळची पूजा झाल्याशिवाय पाण्यापलीकडे काही नाही. त्यामुळे सोमवारी माझीही उपासमार व्हायची आणि मी उगीचच धार्मिक वाटायचो. त्यांना जगातल्या कुठल्याही दुखण्यावर दोन प्रश्न विचारायची खोड होती: "कधीपासून?" आणि "त्याच्या आधी काय बदललं?" माझी पाठ दुखली तरी हेच, शेजारणीची सून रुसली तरी हेच. ही खोड बापाकडून आली, असं त्या सांगायच्या. बोरीला त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान. कुणी डोकं दुखतंय म्हणून गोळी मागायला आलं की अप्पा आधी विचारणार, "कधीपासून?" गिऱ्हाईक म्हणणार, "अप्पा, गोळी द्या की." मग गोळी मिळणार, पण उत्तर दिल्यावर.

खालच्या टपरीवरचा चहा मधेच नासायला लागला. टपरीवाला दूधवाल्याला शिव्या घालून पातेलं गटारीत रिकामं करणार, तेवढ्यात मॅडम जिन्यावरून उतरत होत्या. "फेकू नका," म्हणाल्या. अख्खी टपरी थांबली. कधीपासून? चार-आठ दिवस झाले. रोज? रोज नाही. कोणत्या दिवशी? टपरीवाला विचारात पडला. शेवटी निघालं असं, की ज्या दिवशी तो पोहे करायचा त्याच दिवशी दूध नासायचं. पोह्यावर पिळलेल्या लिंबाचे हात ज्या फडक्याला पुसायचा, त्याच फडक्यानं दुधाचं पातेलं पुसायचा. दूधवाल्याची आब्रू वाचली. टपरीवाला मात्र तेव्हापासून मॅडम दिसल्या की फडकं लपवायचा.

एकदा ही निष्ठा त्यांच्याच अंगाशी आली. प्रत्येक पडझडीच्या फाइली त्या वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवायच्या, काही म्हणजे काही पुसायच्या नाहीत. एका सकाळी सर्व्हर पडला तो डिस्क गळ्यापर्यंत भरल्यामुळे, आणि डिस्क भरली होती मॅडमच्याच पंचनाम्यांनी. सगळ्या ऑफिसला हसण्याच्या उकळ्या फुटल्या. कदम साहेबांनी मिशीत हसत विचारलं, "मॅडम, आता पंचनामा कोणाचा?"

"माझा," त्या म्हणाल्या. जागा करून नेहमीसारख्या सगळ्या फाइली काढल्या आणि पुण्याला रिपोर्ट धाडला. 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं: शैलजा स्वामी यांनी जुन्या फाइली वेळेवर हलवल्या नाहीत. मी म्हणालो, "डिस्क भरली एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं की."

"डिस्क आपोआप भरत न्हाई, गिरामभाऊ. कोणीतरी भरतं. उद्या दुसऱ्याचं नाव लिवायची येळ आली तर आज आपलं लिवता आलं पाहिजे."

तेव्हा मला हे जरा जास्तच वाटलं होतं.

मग तो सोयाबीनचा हंगाम आला. दुपार झाली की सर्व्हर मान टाकायचा. केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा, आत ऑपरेटर हतबल, आणि आम्ही रोज रिस्टार्ट करून वेळ मारून नेत होतो, कारण मॅडम त्यांच्या सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. मधल्या काळात कदम साहेबांनी स्वतः लॉग चाळून गुन्हेगार शोधून काढला. प्रत्येक वेळी पडण्याआधीची शेवटची नोंद बोरी केंद्राची होती, आणि बोरी केंद्रावर बसायची रुक्साना. नवरा वारलेला, दोन लेकरं आणि म्हातारी सासू पदरात, घर त्या कंत्राटी नोकरीवर चाललेलं. पुण्याहून हुकूम आला, ऑपरेटर बदला.

रुक्सानाचा मला फोन आला. "गिरामभाई, अल्लाकसम मी कायबी चुकीचं दाबत न्हाई. मोबाइल नंबर टाकते, नावं यायची वाट बघते, अन् सगळं गोल फिरायला लागतं. माझं काम गेलं तर मी कुठं जाऊ?" ती रडत नव्हती. रडून झालेलं होतं, हे आवाजावरून कळत होतं.

मॅडम दुसऱ्या दिवशी कामावर आल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी लॉग बघितली आणि कदम साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, मोर्चा पळाला की जो मागं राहतो तोच पकडल्या जातो. दगड त्यानंच मारला असं न्हाई."

"मॅडम, पुण्याचं ठरलंय."

"मला आजची दुपार द्या. रुक्सानाला नेहमीवानी काम करू द्या. पडला की कोणी हात लावायचा न्हाई."

दुपारी तो पडला. मॅडम तयारच होत्या. लॉग काढली, थ्रेड डंप घेतले, आणि हीप डंप उतरायला लागला. माझ्या टेबलावरचे तिन्ही फोन एकदम बोंबलत होते. कदम साहेब मोबाइल कानाला लावूनच बाहेर आले. "पुणं लाइनवर हाय. रिस्टार्ट करा म्हणायलेत. केंद्रावर ट्रॅक्टर उभे हायत, मॅडम."

"कालबी उभे होते, साहेब. परवाबी उभे होते. तुमी रोज उठवता, तो रोज पडतो. आज त्याला काय दुखतंय ते बघू द्या."

"त्यांना काय सांगू?"

"सांगा, बाई ऐकत न्हाई."

कदम साहेबांनी फोनवर हात ठेवून त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग "रेंज जायलीय" असं म्हणत फोन बंद केला. खुर्ची ओढून ते मॅडमच्या शेजारी बसले. या माणसाविषयी मी आजवर जे जे बोललो होतो त्यातलं निम्मं मी त्या क्षणी मनातल्या मनात मागे घेतलं.

फाइल उतरली, सर्व्हर उठवला, ट्रॅक्टर हलले. साहेब केबिनमध्ये गेले आणि मॅडम वाचायला बसल्या. थ्रेड डंपमध्ये खांबाला टेकलेला माणूस सापडायला वेळ लागला नाही. दर चित्रात तोच कामकरी त्याच जागी, एका मोबाइल नंबरावरच्या शेतकऱ्यांची नावं गोळा करत उभा, आणि बाकी सगळे त्याच्या मागं खोळंबलेले. मग त्यांनी हीप डंप उघडला. सर्व्हरच्या डोक्यातली बहुतेक सगळी जागा एकाच शोधानं खाल्ली होती. एक नंबर, आणि त्याच्याखाली शेकडो शेतकरी, प्रत्येकाच्या सातबाऱ्याच्या आणि पासबुकाच्या फोटोंसकट. प्रोग्राम लिहिणाऱ्या पुण्याच्या पोरांनी धरलं होतं, की एक नंबर म्हणजे एक माणूस, फार तर एक घर. त्यामुळे नंबर टाकला की त्याच्यावरचं सगळं एकदम उचलायचं, अशी सोय केलेली. रुक्सानानं काहीच चुकीचं दाबलं नव्हतं.

"सापडलं की, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी नंबर पुन्हा एकदा वाचला. हात पदराआड गेला होता. म्हणाल्या, "गिरामभाऊ, हा नंबर मला पाठ हाय."

"कोणाचाय?"

"अप्पांचा."

मला आधी उलगडा झाला नाही. मग त्यांनीच सांगितलं. बोरीच्या आसपासच्या तांड्यांवरची आणि गावातली लहान शेतकऱ्यांची घरं दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीला जातात. सोयाबीन काढून घरात ठेवायचं, नोंदणी करायची आणि निघायचं. तिकडं कारखान्यावर सिमकार्ड बदलतं, रिचार्ज संपतो, फडात रेंज नसते. माल घेऊन या, असा केंद्राचा मेसेज यायचा तेव्हा घरी फक्त म्हातारी माणसं. म्हणून नोंदणी करताना जो फोन हमखास चालू असेल त्याचा नंबर द्यायचा, आणि बोरीत तसा फोन एकच, अप्पांच्या गल्ल्याशेजारी खिळ्याला टांगलेला. शेजारच्या चार घरांनी तो दिलाय हे मॅडमना ठाऊक होतं. सगळे तांडे त्यावर येऊन बसलेत याचा पत्ता नव्हता.

पण एका दुकानदाराच्या नंबरावर शेकडो शेतकरी म्हटल्यावर आमच्या धंद्यात माणूस एकच अर्थ काढतो. व्यापारी पडत्या भावात माल घेतो, शेतकऱ्यांचे कागद गोळा करतो आणि त्यांच्या नावानं हमीभावाला घालतो. असं सापडलं की सगळ्या नोंदण्या रद्द आणि दुकानदारावर गुन्हा. अप्पांची उभ्या जन्माची आब्रू त्या एका ओळीवर येऊन ठेपली होती, आणि ती ओळ लिहिणार होती त्यांची लेक.

मी म्हणालो, "रिपोर्टात 'एक मोबाइल क्रमांक' एवढंच लिहा. प्रोग्राम दुरुस्त होईल, रुक्साना सुटेल, विषय संपेल."

"फाइली जोडाव्या लागतेत. कोणीबी उघडील, नंबर दिसल, मंग नाव दिसल. म्हणतील, बापाला झाकायला बाईनं अर्धंच लिवलं. मंग रुक्सानाचं खरंबी माझ्यासंगं खोट्यात जाईल."

"मग अप्पांना एक फोन तरी करा. माणूस सावध राहतो."

फोन हातातच होता. त्याच्याकडे त्या बघत राहिल्या. मग टेबलावर पालथा ठेवला. "सावध केल्यावर पंचनामा कसला?"

रिपोर्टची पहिली ओळ त्यांनी अशी लिहिली: सदर मोबाइल क्रमांक माझ्या वडिलांचा आहे, तरी पुढील चौकशी माझ्याकडे देऊ नये, आणि प्रत्यक्ष गावात जाऊन खात्री केल्याशिवाय एकही नोंदणी रद्द करू नये. खाली नेहमीसारखं सगळं, कारण, पुरावे, उपाय, आणि ऑपरेटर रुक्साना यांचा कोणताही दोष नाही हे वाक्य ठळक अक्षरात. पाठवलं, आणि त्या सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. मला त्यांचा रागही येत होता आणि त्यांच्याविषयी आदरही वाटत होता. मी चहा मागवला.

चौकशी कदम साहेबांकडे आली. मॅडमनी बोरीला यायला साफ नकार दिला. "मी आले तर म्हणतील पोरीनं पढवलं." म्हणून साहेब आणि मी गेलो.

दुकान लहानसंच. अप्पा गादीवर बसलेले, कपाळाला भस्म, नाकावर चष्मा, शेजारी खिळ्याला सुतळीनं टांगलेला फोन. साहेबांनी नंबर वाचून दाखवला. अप्पा म्हणाले, "माझाच हाय. कामून?" साहेबांनी कामून ते सांगितलं. अप्पांचा चेहरा उतरत गेला. ते काही बोलणार, तोच एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली. आम्ही बसलोय याची तिला फिकीर नव्हती.

"अप्पा, आला का सोयाबीनचा निरोप?"

अप्पांनी सवयीनं फोन खिळ्यावरून काढला, चष्मा वर सारून बघितलं. "न्हाई आला, धुरपतबाई. उद्या बघू."

साहेबांनी तिला विचारलं, "मावशी, मुलगा कुठाय?"

"कारखान्यावर. सूनबी तिकडंच."

"अन् सोयाबीन?"

"घरात हाय की. चला, दाखवते."

आम्ही गेलो. एका खोलीचं घर. अर्ध्या खोलीत पोत्यांची थप्पी, आणि उरलेल्या जागेत म्हातारीचं अंथरूण, पोत्यांना चिकटून. उंदीर येतात म्हणून ती तिथंच झोपायची. व्यापाऱ्याचा माल गोदामात असतो, असा म्हातारीच्या उशाला नसतो, हे कुणी सांगायची गरज उरली नाही. तरी साहेबांनी कसर सोडली नाही. दिवस मावळेपर्यंत आम्ही गावात आणि दोन तांड्यांवर घरोघर फिरलो. सगळीकडे पोती, म्हातारी माणसं आणि एकच प्रश्न, निरोप आला का. परत दुकानावर आलो तेव्हा साहेबांनी अप्पांना हात जोडले आणि म्हणाले, "एकबी नोंदणी रद्द होणार न्हाई. माझा शब्द."

अप्पांनी चहा पुढे केला. मग विचारलं, "साहेब, हे कळवलं कोणी?"

साहेबांनी कपात बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. अप्पांना आमच्या गप्प बसण्यातूनच कळलं.

"शैलानं?" ते म्हणाले. आणि चष्मा पुसत, "मला एक फोन करून इचारायचं तरी होतं."



रुक्सानाचं काम राहिलं. पुण्याच्या पोरांनी प्रोग्राम सुधारला, आता नंबर टाकला की नावं थोडी थोडी करून येतात, आणि त्या कारणानं सर्व्हर पुन्हा पडला नाही. रुक्सानानं पुढच्या ईदला मॅडमसाठी शिरखुर्म्याचा डबा पाठवला. मॅडमनी तो एकटीनं संपवला. मला चमचाभर दिला.

पण त्याच्या आधी, बोरीहून आलो त्याच आठवड्यात, अप्पा आमच्या ऑफिसात येऊन गेले. एस.टी.नं आले होते, धोतराला धूळ. मॅडम उठून उभ्या राहिल्या. अप्पांनी खिशातून तो फोन काढला, सुतळीसकट, आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

"तू लिवलंस. आता तूच सांभाळ."

"अप्पा, पाणी तरी—"

"माझी गाडी हाय."

लेकीच्या हातचं पाणी न घेता बाप जिना उतरून गेला. मॅडम उभ्याच होत्या. मला वाटलं आता रडतील. त्यांनी फोन उचलला, चार्ज किती आहे बघितलं, ड्रॉवरमधून चार्जर काढला आणि तो लावून ठेवला.

तेव्हापासून त्यांच्या पर्समध्ये दोन फोन असायचे. एक त्यांचा आणि एक सुतळीवाला. सगळ्या तांड्यांचे निरोप आता परभणीत येऊन पडत होते आणि विचारणारी माणसं बोरीत होती. अप्पांनी दुसरा नंबर घेतला. रोज दिवेलागणीला सुतळीवाला फोन वाजायचा. पलीकडून अप्पा एकेक नाव विचारायचे, इकडून मॅडम आला, न्हाई, परवा बोलावलंय, एवढंच सांगायच्या. नावं संपली की फोन संपायचा. ज्या बाई ऑडिटच्या बैठकीत कलेक्टरचा फोन आला तरी उचलणार नाहीत, त्या या फोनसाठी बैठकीतून उठून जायच्या.

मी एकदा विचारलं, "बाकी काही बोलतात का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पण रोज बोलतेत."

पुढं कंत्राट संपलं, ऑफिस बंद झालं. कदम साहेब नांदेडला गेले, मी माझ्या शेतीत आणि एका शाळेच्या कॉम्प्युटरात विभागला गेलो. मॅडमना हैदराबादला चांगली नोकरी लागली. जायच्या आधी माझ्या आईच्या पायाचं हाड मोडलं होतं म्हणून पिंगळीला भेटायला आल्या. आईला पहिला प्रश्न विचारला तो "कधीपासून दुखतंय?" आईनं साबुदाणा खा म्हणून फार आग्रह केला, पण सोमवार होता.

संध्याकाळी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. पिंगळीच्या फलाटावर आम्ही दोघं आणि शेंगावाला. दिवे लागत होते. सुतळीवाला फोन वाजला. जुना फोन, आवाज फलाटभर ऐकू यायचा.

"धुरपतबाईचा आला का?"

"आलाय. बुधवारी बोलावलंय."

"पुंजाजीचा?"

"न्हाई अजून."

अशी बरीच नावं झाली. मग नावं संपली. फोन कट व्हायची वेळ झाली होती. मॅडमनी तो कानापासून थोडा दूर नेलाच होता, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"आज सोमवार. काय खाल्लं न्हाई म्हण की."

मॅडमचा हात पदराआड गेला. "न्हाई."

"कधीपासून?"

"रात्रीपासून, अप्पा."

"मंग पूजा कवा करशील, गाडीत बसल्यावर?"

तेवढ्यात गाडी फलाटाला लागली. मॅडमनी पिशवी एका हातात घेतली, दुसऱ्या हातानं फोन कानाशी घट्ट धरला, आणि मला नुसती मान हलवून निरोप दिला. "थांबा अप्पा, गाडी आली. कट करू नका, मी चढते," असं म्हणत त्या डब्यात शिरल्या. गाडी हलली तेव्हा खिडकीतून मला त्या दिसल्या, अजून बोलत होत्या.